ध्रुवांवर पाऊस पडायला लागला म्हणजे नेमकं काय बदललं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पृथ्वी तापतेय तर ध्रुवांवर बर्फ कमी पडायला हवा. पण अंटार्क्टिकातला बर्फ वाढल्याच्याही बातम्या येतात, आणि ग्रीनलंडच्या माथ्यावर पाऊस पडला असंही वाचनात येतं. यातलं खरं काय मानायचं? आणि आपल्या मान्सूनशी याचा काही संबंध आहे का?

या बातम्या खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना खोडतही नाहीत. ध्रुवीय प्रदेशातला पाऊस आणि हिमवृष्टी हाच माझा कामाचा विषय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. घाईत असाल तर एवढंच घ्या: तिथे वर्षाकाठी एकूण किती पडतं या आकड्यावर फार विसंबू नका. कोणत्या महिन्यात पडलं, कोणत्या रूपात पडलं आणि खाली आधीपासून काय होतं, यावर बहुतेक सगळं ठरतं.

आधी एकूण आकडा वाढतो का, ते पाहू. ध्रुवीय प्रदेश ही मुळात वाळवंटं आहेत. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहावरच्या लाँगयिअरबेन गावात वर्षाला साधारण २०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, म्हणजे जैसलमेरइतकाच. अंटार्क्टिकाच्या ऐन मध्यात तर बर्फ वितळवून मोजला तर वर्षाचे ५० मिलिमीटरही भरत नाहीत. कारण थंड हवेत बाष्प मावतच नाही. तापमान १ अंश सेल्सियसने चढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. शिवाय आर्क्टिकमध्ये आणखी एक गोष्ट घडतेय. शरद ऋतूत पूर्वी जो समुद्र गोठून झाकला जायचा, तो आता उशिरापर्यंत उघडा राहतो, त्यामुळे स्थानिक बाष्पीभवन वाढतं. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. बाष्प वाढलं की पडणारं पाणीही वाढणार, यात वादाला फारशी जागा नाही.

वाद येतो तो रूपाचा. उणे ५० अंशांवर असलेल्या पठाराचं तापमान ५ अंशांनी वाढलं तरी तिथे पडणार हिमच, उलट थोडं जास्त. उणे ३ अंशांवर असलेल्या किनाऱ्याचं तापमान तेवढंच वाढलं तर तिथे पाऊस पडतो. एकच तापमानवाढ, पण एका ठिकाणी जास्त हिम आणि दुसऱ्या ठिकाणी हिमाच्या जागी पाणी. उलटसुलट वाटणाऱ्या बातम्यांमागचं निम्मं कोडं इथेच सुटतं.

उरलेलं निम्मं हवेच्या वरच्या थरांत आहे. जमिनीवरचा तापमापक शून्याखाली असला म्हणजे हिमच पडेल असं नाही. ध्रुवीय हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंडगार आणि वरची हवा तिच्याहून उबदार असते, हे नेहमीचंच. दक्षिणेकडून एखादं वादळ आलं की वरचा थर शून्याच्या पुढे जातो, हिमकण तिथे वितळतात आणि खालच्या थंड थरातून येताना गोठायला वेळ न मिळाल्यामुळे पाणी म्हणूनच जमिनीवर आदळतात. आदळताक्षणी त्यांचा बर्फ होतो. याच्या उलट, हवा कोरडी असेल तर अडीच-तीन अंशांतसुद्धा हिम टिकून खाली येतं, कारण कणाच्या पृष्ठभागावरून होणारं बाष्पीभवन त्याला थंड ठेवतं. म्हणून आम्ही नुसत्या तापमानाऐवजी ओल्या फुग्याच्या तापमापकाचं, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचं, तापमान बघतो; त्यात बाष्पीभवनाने येणारा गारवा धरला जातो.

आता स्वालबार्डबद्दल सविस्तर, कारण हा बदल तिथे जितका जवळून नोंदला गेलाय तितका फार कमी ठिकाणी. नी-ऑलेसुंड ही ७९ अंश उत्तरेवरची संशोधन वसाहत. भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून तिथे आहे आणि ते चालवणारी संस्था म्हणजे गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. जानेवारी २०१२ च्या अखेरीस, म्हणजे सूर्य क्षितिजावर यायलाही वेळ असताना, तिथे दोन आठवडे उबदार हवा ठाण मांडून बसली. ३० जानेवारीला एका दिवसात ९८ मिलिमीटर पाऊस झाला. जुलैत महाबळेश्वरला एवढ्या पावसाची कोणी बातमीही करणार नाही. पण नी-ऑलेसुंडला वर्षभरात सगळं मिळून ४०० मिलिमीटरच्या आसपास पडतं. त्या दोन आठवड्यांत २७२ मिलिमीटर पडलं. आधीच्या नोंदी धरून हिशेब केला तर एवढा एका दिवसाचा पाऊस ५०० वर्षांतून एकदाही येणं कठीण होतं.

मग उबदार हवा गेली आणि थंडी परतली. जमिनीवरच्या हिमातून झिरपलेलं पाणी तळाशी पोचलं आणि गोठलेल्या मातीवर त्याचा कडक बर्फ झाला.

इथे एक हिशेब करून बघण्यासारखा आहे, कारण बातम्यांत हमखास चुकीचं लिहितात की "गरम पावसाने बर्फ वितळला". पावसाच्या पाण्यात स्वतःची उष्णता फारशी नसते. एका चौरस मीटरवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० किलो पाणी. ते २ अंशांवर असेल तर थंड होत शून्यापर्यंत येताना साधारण ८४ किलोज्यूल देतं. पण तेच पाणी हिमाच्या आत गोठलं की अप्रकट उष्मा बाहेर पडतो ३,३४० किलोज्यूल, म्हणजे चाळीसपट. १ ग्रॅम पाणी गोठताना सुमारे १६० ग्रॅम हिमाचं तापमान १ अंशाने वाढवू शकतं. एका रात्रीच्या पावसाने अख्खा हिमथर तळापर्यंत शून्यावर येतो तो यामुळे. वर दमट वाऱ्यातलं बाष्प हिमावर साचतं, तेही उष्णता देऊन जातं. आणि ही उष्णता हिमात थांबत नाही, खालच्या पर्माफ्रॉस्टमध्ये, म्हणजे बारमाही गोठलेल्या जमिनीत उतरते. २०१२ च्या त्या घटनेचा परिणाम जमिनीखाली ५ मीटर खोलीवरच्या तापमानातही दिसला होता.

हिमात खड्डा खणून त्याची भिंत वाचणं हे या कामातलं रोजचं काम. चांगल्या थंड हिवाळ्यात भिंतीवर वाऱ्याने दाबलेल्या हिमाचे थर दिसतात, मध्ये साखरेसारखे भरड दाणे, फावडं सरळ आत जातं. पाऊस होऊन गेलेल्या हिवाळ्यात फावडं मध्येच ठणकन वाजतं. तो थर हाताने साफ केला की निळसर, हवेचे बुडबुडे अडकलेला बर्फ दिसतो आणि त्यातून खाली सरळ बोटांसारख्या कांड्या गेलेल्या असतात, म्हणजे पाणी ज्या वाटांनी झिरपलं त्या वाटाच गोठलेल्या. अगदी तळाशी, शेवाळ आणि गवतावर, पारदर्शक कवच. माणसालाही ते फोडायला कुदळ लागते.

रेनडियरला तेच खुराने फोडायचं असतं. नुसतं हिम कितीही खोल असलं तरी तो उकरून खातो, वासावरून खाली काय आहे ते त्याला कळतं. बर्फाचं कवच आलं की चारा डोळ्यांसमोर असून तोंडाला लागत नाही. त्या हिवाळ्यात स्वालबार्डमध्ये भुकेने मेलेल्या रेनडियरांची संख्या एकदम वाढली. लाँगयिअरबेनच्या घळीतून पाण्याने भिजलेल्या हिमाचा लोट येऊन पादचारी पूलही गेला. कॅनडाच्या बँक्स बेटावर ऑक्टोबर २००३ मध्ये हिमावर पाऊस पडून असंच कवच झालं होतं, तेव्हा सुमारे २० हजार कस्तुरी बैल मेले. सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावर नेनेट्स पशुपालकांची रेनडियर २००६ च्या नोव्हेंबरनंतर सुमारे २० हजार आणि २०१३ च्या नोव्हेंबरनंतर सुमारे ६१ हजार गेली. दोन्ही वेळा शेजारच्या बॅरेंट्स आणि कारा समुद्रांवरचा बर्फ नेहमीपेक्षा कमी होता आणि दमट हवा तिथून आली होती. ही पाळीव जनावरं होती, एकेका कुटुंबाचं सगळं भांडवल. कळप गेल्यावर काही कुटुंबांना कित्येक वर्षं मासेमारीवर काढावी लागली.

पण इथेही चित्र सरळ नाही. स्वालबार्डमधल्या रेनडियरांची एकूण संख्या गेल्या काही दशकांत वाढली आहे, कारण उन्हाळा लांबला, हिरवळ वाढली. मात्र मोठ्या झालेल्या माद्यांचं हिवाळ्याअखेरचं वजन १९९४ मध्ये जन्मलेल्यांत ५५ किलो होतं, ते २०१० मध्ये जन्मलेल्यांत ४८ किलोवर आलं. जास्त जनावरं, पण हडकुळी. "हवामानबदलाने रेनडियर संपले" असं कोणी सांगितलं तर ते चूक, आणि "रेनडियर तर वाढलेत, मग काय झालं" असं कोणी म्हटलं तर तेही अर्धंच.

हिम जास्त पडूनही नुकसान होतं, हे लोकांना पटकन पटत नाही. ईशान्य ग्रीनलंडमधल्या झाकेनबर्गला २०१८ मध्ये इतकं हिम साचलं की ते उन्हाळ्यात खूप उशिरापर्यंत वितळलंच नाही. त्या वर्षी तिथे झाडांना फुलं नाहीत, पाणपक्ष्यांची घरटी नाहीत, कोल्ह्यांना पिल्लं नाहीत, असं जवळपास सगळ्या परिसंस्थेचं एक वर्ष वाया गेलं. बाष्प वाढलं की काही हिवाळे असेही येणार.

स्वालबार्डला २०१२ अपवाद राहिला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नी-ऑलेसुंडचं महिन्याचं सरासरी तापमान उणे ३.३ अंश होतं. १९६१ ते २००१ या काळाची फेब्रुवारीची सरासरी उणे १५. महिन्याच्या २८ पैकी १४ दिवस पारा शून्याच्या वर गेला. हिवाळ्यातल्या मोजमापांसाठी आलेल्या माणसांना डबक्यांतून चालावं लागलं. लाँगयिअरबेनजवळच्या जागतिक बियाणे कोठाराच्या प्रवेशबोगद्यात २०१६ च्या शरदात पाणी शिरलं होतं ते अशाच पावसाने. बियाणं सुरक्षित राहिलं, पण ती वास्तू बांधताना भोवतालची जमीन आपोआप गोठून राहील असं गृहीत धरलं होतं. पुढे बोगदा नव्याने जलरोधक करावा लागला.

ग्रीनलंडची ती बातमी १४ ऑगस्ट २०२१ ची. बर्फाच्या पठाराच्या सगळ्यात उंच भागी, ३,२१६ मीटरवरच्या समिट केंद्रात काही तास पाऊस पडला. नोंदी ठेवायला लागल्यापासून पहिल्यांदाच. गंमत म्हणजे तिथे पर्जन्यमापकच नव्हता, कारण पाऊस पडेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. खिडकीच्या काचेवर थेंब दिसले, त्यावरून कळलं. तीन दिवसांत ग्रीनलंडच्या बर्फावर मिळून अंदाजे ७ अब्ज टन पाणी पडलं. ग्रीनलंड दरवर्षी जेवढा बर्फ गमावतं त्याच्या तुलनेत हे पाणी थोडंच. खरं नुकसान पुढचं. ताजं हिम सूर्यप्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परतवतं. भिजलं की दाणे मोठे होतात, रंग मळतो, परतवणं घटतं आणि उघडा बर्फ वर आला तर ते ३०-४० टक्क्यांवर येतं. पाऊस थांबल्यावरही वितळणं चालू राहतं ते त्यामुळे. दुसरं, पाणी वरच्या सच्छिद्र हिमात गोठून सलग लादी बनते. पूर्वी उन्हाळ्यात वितळलेलं पाणी त्या छिद्रांत मुरायचं आणि तिथेच गोठून राहायचं. लादी तयार झाली की ते मुरत नाही, उतारावरून थेट समुद्राकडे जातं.

अंटार्क्टिकाची गोष्ट वेगळी, आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. तिथलं वर्षाचं हिम थोडं थोडं रोज पडत नाही. खंडाच्या बहुतेक भागात सगळ्यात जोरदार हिमवृष्टीच्या १० टक्के दिवसांतच वर्षाच्या ४० टक्क्यांहून जास्त हिम पडून जातं. यातलं बरंचसं वातावरणीय नद्यांमधून येतं. या नद्या म्हणजे उपोष्ण समुद्रांवरून ध्रुवाकडे वाहणारे बाष्पाचे लांबट, अरुंद पट्टे. मार्च २०२२ मध्ये अशीच एक नदी पूर्व अंटार्क्टिकात खोलवर घुसली. ३,२०० मीटरवरच्या कॉन्कॉर्डिया केंद्रात १८ मार्चला उणे ११.८ अंश नोंदलं गेलं, नेहमीपेक्षा ३८ अंशांहून जास्त. त्याच दिवसांत किनाऱ्यावर पाऊस पडला, काँगर हिमफळी, म्हणजे किनाऱ्याला जोडलेला समुद्रावर तरंगणारा जाड बर्फ, तुटून गेली, आणि त्याच वेळी आतल्या पठारावर इतकं हिम साचलं की त्या घटनेचा एकूण हिशेब बर्फाच्या बाजूने जमेचा निघाला. एकाच वादळाने किनाऱ्यावर मोडतोड केली आणि आत भर घातली.

म्हणून "अंटार्क्टिका वाढतंय" हे पूर्ण खोटं नाही. गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या नोंदींत २००२ पासून अंटार्क्टिका बर्फ गमावतच आलंय, पण २०२१ ते २०२३ या काळात वर्षाला सुमारे १०० अब्ज टनांची भर पडली, ती पूर्वेकडच्या असाधारण हिमवृष्टीमुळे. समुद्राची जागतिक पातळी १ मिलिमीटरने वाढायला ३६० अब्ज टन पाणी लागतं, म्हणजे या भरीने ती वाढ वर्षाला पाव मिलिमीटरच्या आसपास रोखली. दुसऱ्या बाजूला पश्चिम अंटार्क्टिकात उबदार समुद्रपाणी हिमनद्यांना खालून पोखरतंय, आणि ते काही वरच्या हिमवृष्टीवर अवलंबून नाही. तीन वर्षांच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधीची वीस वर्षंही बघावीत.

पेंग्विनांच्या बाबतीत पावसाचा परिणाम अगदी थेट असतो. पिल्लांच्या अंगावरची लव थंडीसाठी असते, पाण्यासाठी नाही. हिम झटकलं जातं, पण पावसाने लव भिजते आणि मग वारा सुटला की पिल्लू गारठून मरतं. फ्रान्सच्या ड्यूमाँ द्युरव्हिल केंद्राजवळच्या वसाहतीत २०१३-१४ च्या हंगामात अडेली पेंग्विनांच्या सुमारे २० हजार जोड्यांचं एकही पिल्लू जगलं नाही. पाऊस हे त्यातलं एक कारण. दुसरं कारण ऐकून चक्रावायला होतं: त्या वर्षी समुद्रावर बर्फ नेहमीपेक्षा जास्त पसरला होता आणि आईबापांना अन्नासाठी फार लांब जावं लागत होतं.

आता मोजमापाचा मुद्दा. तो वगळला तर उत्तर अप्रामाणिक ठरेल. ध्रुवांवर पडणारं हिम मोजणं फार अवघड आहे. हिमकण हलका, सेकंदाला मीटरभर वेगाने उतरणारा, त्यामुळे मापकाच्या तोंडाभोवती वारा वळला की कण त्याच्यासोबत निघून जातो. जोराच्या वाऱ्यात साधा मापक निम्मंसुद्धा हिम पकडत नाही. पावसाचा थेंब जड, तो बहुतेक आत पडतोच. वजनावर चालणाऱ्या मापकाच्या बादलीत आम्ही गोठणरोधक द्रव घालतो, वर तेलाचा पातळ थर देतो म्हणजे बाष्पीभवन होत नाही. भोवती लाकडी पट्ट्यांची कुंपणं असतात, प्रमाण मानल्या गेलेल्या मांडणीत बाहेरच्या कुंपणाचा व्यास १२ मीटर आणि आतल्याचा ४. एवढं करूनही वादळात जमिनीवरून उडालेलं जुनं हिम बादलीत येऊन बसतं ते वेगळंच.

याचा एक विचित्र परिणाम होतो. समजा एका गावात पूर्वी १०० मिलिमीटरइतकं हिम पडायचं आणि मापक ५० दाखवायचा. आता तेवढंच पाणी पाऊस म्हणून पडलं तर तोच मापक ९० दाखवेल. आलेख म्हणेल वृष्टी जवळपास दुप्पट झाली, प्रत्यक्षात एक थेंबही वाढलेला नाही. नॉर्वेच्या हवामान खात्यातल्या संशोधकांनी हा धोका २००० सालीच दाखवून दिला होता. म्हणून आर्क्टिकमधल्या वाढीचे जुने आकडे दुरुस्ती न करता कोणी समोर ठेवले तर मी ते बाजूला ठेवतो. थेंब आणि हिमकण वेगावरून वेगळे ओळखणारी लेझर उपकरणं आणि वरच्या दिशेने बघणारे छोटे रडार आल्यापासून परिस्थिती सुधारली आहे, पण ती मोजक्याच ठिकाणी आहेत आणि त्यांच्या नोंदी अजून तोकड्या आहेत.

पुढचं भाकीत? २०२१ मध्ये हवामानाच्या नव्या संगणकीय प्रारूपांवरून आलेल्या अभ्यासाने दाखवलं की आर्क्टिकमध्ये हिमापेक्षा पाऊस जास्त होण्याची वेळ आधीच्या अंदाजापेक्षा एक-दोन दशकांनी अलीकडे सरकली आहे. काही भागांत उन्हाळ्यात आणि शरदात ती या शतकातच येते. नेमकं साल कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दिशेबद्दल मात्र प्रारूपांत एकवाक्यता आहे.

राहिला मान्सून. गोव्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास मांडला होता, त्यात कारा समुद्रावरचा उन्हाळी बर्फ कमी असणं आणि सप्टेंबरमध्ये मध्य भारतात होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना यांच्यात संबंध असू शकतो असं दिसलं. वातावरणाच्या वरच्या थरांतल्या लाटांमार्फत उत्तरेतला फेरफार इथवर पोचतो आणि अरबी समुद्र त्याच वेळी उबदार असेल तर बाष्प भरपूर मिळतं, अशी ती साखळी. मला ती पटण्याजोगी वाटते, पण तिच्यात बऱ्याच कड्या आहेत आणि नोंदींचा काळ ४० वर्षांच्या आसपासचा. विदर्भ-मराठवाड्यात सप्टेंबरात एखादा ढग फुटला की लगेच आर्क्टिककडे बोट दाखवणारे लेख येतात, ते सध्या तरी घाईचे आहेत. अशा वेळी मी आधी त्या आठवड्याचं अरबी समुद्राचं तापमान आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचा मार्ग बघतो, कारा समुद्राचा नकाशा त्यानंतर उघडतो.